अकरावीचे विषय ठरवताना

आज समोर पालक जास्त आणि विद्यार्थी कमी दिसताहेत. खरं तर उलट हवं होतं, पण असो. दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? आज आम्ही त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. शाखा ठरली, पण त्या शाखेत विषय कोणते घ्यायचे? प्रवेश घेताना हा रकाना दोन मिनिटांत भरला जातो आणि त्याचे परिणाम दोन वर्षांनी दिसतात.

आम्ही कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारी मंडळी. दरवर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा बारावीची गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आला. मार्क चांगले होते. त्याला एनडीएतून हवाई दलात जायचं होतं. पण अकरावीला ‘डॉक्टरच व्हायचंय, गणित कशाला?’ म्हणून त्याने गणित सोडून भूगोल घेतला होता. एनडीएत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. हे त्याला अकरावीत कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा विषयांचा अर्ज तपासून सही करणारा आमच्यातलाच एक जण होता. आजचं व्याख्यान त्या सहीतून सुरू झालं, असं समजा.

आधी रचना पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावी ६०० गुणांची, म्हणजे प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा: मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच, जिथे जे शिकवलं जातं ते. उरलेले चार विषय शाखेप्रमाणे. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना श्रेणी मिळते. म्हणजे खरी निवड फार तर दोन-तीन जागांची असते. पण त्या दोन-तीन जागांवरच पुढचं बरंच ठरतं.

विज्ञान शाखेत भौतिक आणि रसायन जवळजवळ ठरलेले. प्रश्न असतो गणित आणि जीवशास्त्राचा. दोन्ही घ्यायचे, की एक सोडायचा? कुठे काय लागतं ते सांगतो. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी यांसाठी नीट परीक्षा, आणि तिच्यासाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र. इंजिनिअरिंगला भौतिक आणि गणित हवंच. औषधनिर्माणशास्त्राला, म्हणजे बी.फार्मला, भौतिक आणि रसायनासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. बी.एस्सी. कृषीलाही दोन्हीपैकी कोणताही गट चालतो. हे अनेकांना माहीत नसतं. शेतीची आवड असलेली मुलं ‘जीवशास्त्र नाही, म्हणजे कृषी नाही’ असं मानून बसतात.

आमचं मत विचाराल तर ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याने अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. ओझं वाढतं, हे मान्य. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गणित हा पायऱ्यांचा विषय आहे. अकरावीची त्रिकोणमिती आणि फलनं कच्ची राहिली, तर बारावीचं कलन समजत नाही. जीवशास्त्रातही आधीचं लागतंच, पण एक धडा सुटला म्हणून पुढचे सगळे अडत नाहीत. त्यामुळे मध्येच सोडलेलं गणित पुन्हा उचलणं जास्त जड जातं. नियमांच्या बाजूनेही पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात स्पष्ट केलं की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यांनाही नीटला बसता येईल. म्हणजे त्या बाजूला एक वाट शिल्लक आहे.

मात्र ज्याचं नक्की ठरलंय आणि ज्याला गणिताचा खरोखर त्रास होतो, त्याने उगाच दोन्ही ओढू नयेत. दोन्हीत ४५ मिळवण्यापेक्षा एकात ८० मिळवलेले बरे. सोडलेल्या विषयाच्या जागी काय घेणार, तेही विचारून घ्या. भूगोल, मानसशास्त्र असे पर्याय असतात, पण प्रत्येक महाविद्यालयात सगळे शिकवले जात नाहीत. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याआधी ही चौकशी झाली पाहिजे. नंतर उपयोग नाही.

कॉमर्सकडे वळू. पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे नेहमीचे विषय. त्यानंतर गणित की एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती? एसपीला मार्क पडतात, असं मुलं एकमेकांना सांगतात. पडतातही. साध्या बी.कॉम.ला किंवा सीएला गणिताची अट नाही. पण उद्या संख्याशास्त्रात बी.एस्सी. करायचं असेल, किंवा दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं असेल, तर बारावीला गणित हवं. ज्याला आकड्यांची भीती नाही, त्याने केवळ मार्कांसाठी गणित सोडू नये. आणखी एक. राज्य मंडळात कला-विज्ञानाचं गणित वेगळं आणि वाणिज्यचं वेगळं. वाणिज्यच्या गणितावर इंजिनिअरिंग होईल, असं गृहीत धरू नका.

आर्ट्सला ‘काहीही घ्या’ म्हणतात, आणि तिथेच मुलांचं नुकसान होतं. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र ही जोडणी स्पर्धा परीक्षांना पुढे कामाला येते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र यांची जोडणी समुपदेशन, समाजकार्य किंवा कायद्याकडे जाणाऱ्याला जवळची. एकच मैत्रीण जे घेते तेच मीही, असं करू नका. मैत्री डब्याच्या सुट्टीतही टिकते.

आता दुसऱ्या भाषेची जागा. विज्ञानाची पुष्कळ मुलं इथे आयटी घेतात. त्याची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. मार्क चांगले मिळतात, अभ्यास कमी, असा हिशोब असतो. हिशोब चुकीचा नाही. पण भाषेत गती असलेल्या मुलाने फक्त त्यासाठी मराठी किंवा संस्कृत सोडू नये. दिवसभराच्या सूत्रांमध्ये तो एक तास त्याला मोकळा श्वास घेऊ देतो. तिसरा पर्याय द्विलक्षी विषयांचा, ज्याला आपण बायफोकल म्हणतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र वगैरे. हा २०० गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो. ती दुसरी जागा बहुतेक वेळा जीवशास्त्राची असते. त्यामुळे बायफोकल घेताना आपण काय सोडतोय, ते आधी पाहा.

विषय ठरले, आता वेळेचा हिशोब. कागद-पेन घ्या. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप, म्हणजे ५६ गेले, उरले ११२. कॉलेज सहा दिवस सहा तास, ३६. उरले ७६. जाण्यायेण्याचे रोज दोन तास धरले तर १२, उरले ६४. क्लास १५ तास, उरले ४९. जेवण, आंघोळ, घरचं काम रोज तीन तास, म्हणजे २१. हातात राहिले २८ तास, दिवसाला चार. यातच स्वतःचा अभ्यास, खेळ, मित्र सगळं आलं. आता जेईई आणि नीट दोन्हींचे क्लास लावले आणि त्यात १० तास वाढले, तर उरतात १८. मग झोप कापली जाते. पालकहो, फी भरण्याआधी ही वजाबाकी मुलासोबत बसून करा.

शिवाय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत प्रात्यक्षिकाचे प्रत्येकी ३० गुण असतात. कॉलेज बुडवून फक्त क्लासला जाणाऱ्या मुलाला सूक्ष्मदर्शक नीट लावता येत नाही, हे आम्ही प्रयोगशाळेत दरवर्षी बघतो.

एका आईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘चुकलंच तर बदलता येतं का?’ ताई, येतं. अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत जागा असेल तर महाविद्यालय विषय बदलून देतं. तेव्हा पहिल्या महिन्यातच मुलाला विचारा, ‘कसं वाटतंय?’ नंतर बारावी झाल्यावर राहिलेला विषय घेऊन पुन्हा मंडळाच्या परीक्षेला बसण्याची सोय आहे. पण त्यात बहुधा वर्ष जातं. मघाशी सांगितलेल्या मुलाने तेच केलं. गणित दिलं, पासही झाला. पण एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयाची अट असते आणि तोवर त्याचं वय उलटलं होतं. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला, त्याचं बरं चाललंय. तरी भेटला की आमची मान जरा खाली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाखांमधल्या भिंती कमी करण्याची भाषा आहे. तसं झालं तर आनंदच आहे. पण तुमच्या मुलाचा अर्ज याच जूनमध्ये भरायचाय. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. मुलाला आवडू शकतील असे तीन मार्ग मुलालाच लिहायला सांगा. प्रत्येकासमोर लागणारे विषय लिहा. तिन्हींत समान असलेले विषय सोडू नका. आणि टेबलावर बसलेल्या आम्हा लोकांना न घाबरता विचारा, ‘सर, हा विषय सोडला तर पुढे काय काय बंद होईल?’ उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, आम्हालाही करू देऊ नका.