कोकण किनाऱ्यावरील दीपगृहे

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील रहिवाशांना समुद्राचे दर्शन क्वचितच घडते. देवळापुढील दीपमाळ त्यांच्या परिचयाची असते. परंतु अंधारात खलाशाला धोक्याची जाणीव करून देणारे दीपगृह त्यांना सहसा पाहावयास मिळत नाही. कोकणच्या सहलीला जाणाऱ्यांनी किल्ले, मंदिरे आणि पुळणी यांबरोबरच ही दीपगृहेही आवर्जून पाहावीत, अशी त्यांची योग्यता आहे.

किल्ल्यांच्या सान्निध्यात

समुद्रावर नजर ठेवण्यास सोयीच्या जागी पूर्वी किल्ले बांधले गेले. त्याच जागा पुढे दीपगृहांनाही उपयुक्त ठरल्या. अलिबागजवळच्या थळ गावासमोरील खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 साली किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या या किल्ल्याला इंग्रज व सिद्दी यांनी कडवा विरोध केला; तरीही काम तडीस गेले. याच बेटावर 1867 साली दीपगृह प्रज्वलित झाले. आज ते सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. 2025 साली खांदेरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर, तसेच जयगड किल्ल्याच्या परिसरात शास्त्री नदीच्या मुखाजवळ दीपगृहे आहेत. रेवदंड्याजवळ कोर्लईच्या किल्ल्याकडे जाणारी वाट तर दीपगृहाच्या आवारातूनच वर चढते.

1869 साली सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई बंदरातील जहाजांची वर्दळ वाढली. कुलाब्याच्या दक्षिण टोकाशी असलेला खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. या छुप्या खडकाची सूचना देण्यासाठी तेथे 1875 साली प्राँग्ज दीपगृह उभे राहिले.

प्रकाशाची भाषा

सर्वच दीपगृहांचा प्रकाश सारखा असता, तर आपण कोठे आहोत हे खलाशाला कळले नसते. म्हणून प्रत्येक दिव्याच्या झोतांची संख्या आणि त्यांमधील काळाचे अंतर ठरवून दिलेले असते. हे झोत मोजून व नकाशाशी ताडून तांडेल आपले स्थान निश्चित करतो. दिवसा मनोऱ्याचा आकार आणि त्यावरील रंगाचे पट्टे हेच काम करतात.

दिवा उंचावर का असतो, याचे कारण पृथ्वीच्या गोलाकारात आहे. समुद्रसपाटीपासून 100 मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 36 किलोमीटर दूर असते. एवढ्या दूरवर प्रकाश पोचावा म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी 1822 च्या सुमारास काचेच्या अनेक कंगोऱ्यांचे भिंग तयार केले. इतस्ततः पसरणारा प्रकाश ते एकत्र आणते आणि लहानशा दिव्यालाही प्रखर झोताचे सामर्थ्य देते.

आजही आवश्यक

आता नौकांवर उपग्रहाच्या साहाय्याने स्थान दाखविणारी यंत्रे आली आहेत. तथापि यंत्र बिघडते, विजेचा पुरवठा खंडित होतो. अशा वेळी रात्री बंदराकडे परतणाऱ्या मच्छीमाराला किनाऱ्यावरचा ओळखीचा झोतच आधार देतो. त्या झोतावर नौकेतील माणसांचा जीव अवलंबून असतो. म्हणूनच दीपगृहे ही केवळ गतकाळाची स्मारके नव्हेत.

2021 साली संमत झालेल्या सागरी दिशादर्शन साहाय्यविषयक कायद्याने वारसा दीपगृहांच्या जतनाची तरतूद केली. देशातील 75 दीपगृहांच्या ठिकाणी उभारलेल्या पर्यटन सुविधांचे फेब्रुवारी 2024 मध्ये लोकार्पण झाले. त्यामुळे किनारी गावांतील होडीवाले, खानावळी व लहान दुकानदार यांना उत्पन्नाचे साधन मिळू शकेल.

पर्यटकांनी मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. प्रवेशाची वेळ व परवानगी यांची आधी चौकशी करावी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच समुद्रातील वाट धरावी. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रातून बेटावर जाण्याचे धाडस करू नये. भिंगाला व यंत्रांना हात लावू नये. दिवस मावळताना मनोऱ्याच्या सज्जातून दिसणारा देखावा मनोहर असतो, यात शंका नाही; परंतु त्यानंतर लागणारा दिवा दूर समुद्रात असलेल्यांसाठी आहे, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.