पन्हाळगड : कोठार, विहीर आणि गडकऱ्यांची जमीन



जोतिबाला नारळ फोडला की पन्हाळ्यावर चक्कर होतेच. तीन दरवाजा पाहायचा, गार वारा घ्यायचा, झुणका-भाकर खायची आणि खाली उतरायचं. पण आम्ही पडलो शेतकी खात्याची माणसं. गडावर गेलो की आमची नजर आधी धान्य कुठं ठेवत आणि पाणी कुठून येई याकडे जाते. त्या नजरेनं पाहिलं तर हा गड आपल्याला पुष्कळ काही सांगतो.

गड बांधला शिलाहार राजा दुसरा भोज याने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे तो यादवांकडे, मग बहमनी व आदिलशाही अमलात गेला. गडावरचा अंबरखाना आजही उभा आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या कोठारांची नावं. कोठारांना नद्यांची नावं देणाऱ्यांना पिकाचं मोल कळत होतं, हे उघड आहे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. भात, नाचणी, वरी असं आपल्याच डोंगरकपारीतलं पीक तिथं साठवलं जाई.

तशीच अंधारबाव. ही तीन मजली विहीर आहे. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांना राहण्याची जागा आणि तटातून बाहेर पडायला चोरवाट. वेढा घालणारा शत्रू आधी पाण्यावर टपतो, म्हणून पाणीच बंदिस्त केलं.

या तयारीची कसोटी १६६० साली लागली. अफजलखानाच्या वधानंतर नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला होता. पुढल्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. चार महिने झाले, पावसाळा लागला, तरी वेढा उठेना. अखेर जुलैमध्ये भर पावसाच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. महाराजांचं सोंग घेऊन शत्रूच्या हाती सापडलेला शिवा काशीद आणि घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू यांच्या बलिदानाची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. सप्टेंबरात गड आदिलशाहीकडे गेला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी तो परत आणला. पुढे ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत राजधानी इथेच होती.

मग आज चार दरवाजाचे नुसते अवशेष का उरले? शत्रूने पाडला एवढंच उत्तर पुरत नाही. मूळ भांडण जमिनीचं होतं. गड राखणाऱ्या गडकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या चाकरीबद्दल जमिनी होत्या. १८४४ साली कोल्हापूरच्या कारभारावर इंग्रजांचा वरचष्मा होता. नव्या कारभारात या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली गेल्या आणि गडकऱ्यांच्या पोटावर पाय आला. सामानगड, भुदरगड इथं बंड उठलं आणि ते पन्हाळ्यावर पोचलं. गडकऱ्यांनी साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यालाच पकडून गडावर ठेवलं. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला आणि नंतर चार दरवाजा पाडला. सिद्दीच्या वेळी महिनोन् महिने टिकलेला गड नव्या तोफांपुढे एका दिवसात पडला.

त्या बंडवाल्यांत बहुतेक तुमच्या-आमच्यासारखी साधी कुणब्या-मराठ्यांची माणसं होती. सातबाऱ्यावरचं नाव हलू नये म्हणून माणूस किती पेटतो, हे सभासदांना आम्ही वेगळं सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत पन्हाळा आहे. तेव्हा गाळप हंगाम आटोपला, खोडव्याची पाचट आवरून झाली, की पोरांना घेऊन गडावर जरूर जा. त्यांना अंबरखाना दाखवा, अंधारबावीत उतरवा आणि चार दरवाजापाशी थोडं थांबा. एवढंच सांगणं आहे की भिंतीवर नावं कोरू नका आणि पडलेला चिराही हलवू नका. बांधावरचा दगड कुणी सरकवला तर आपण गप्प बसतो काय?

— ऊस विकास अधिकारी