पाणी मोजणाऱ्या उपकरणाचीही निगा राखा

रक्तदाबाचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र आणि थर्मामीटर यांच्या पंगतीला अलीकडे अनेक घरांत आणखी एक उपकरण येऊन बसले आहे. ते म्हणजे पेनाएवढे टीडीएस मीटर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्याची गरज कोणालाही पटेल. पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. राहुरी, नेवासे, श्रीरामपूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात पाणी मुबलक असले, तरी अनेक विहिरी मचूळ आहेत. आज टँकर, उद्या कूपनलिका, परवा नळ असे पाणी बदलत असताना ते मोजून पाहण्याची सवय चांगलीच आहे. मात्र मुदत संपलेल्या पट्टीवर साखर मोजून आपण इन्सुलिनची मात्रा ठरवत नाही. तोच न्याय पाण्याच्या मापकालाही लावावयास हवा.

हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढेच तपासते. विरघळलेले क्षार अधिक असतील तर वीज अधिक सहज वाहते आणि त्यावरून आकडा काढला जातो. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लीटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंतची मुभा आहे. आता मीटरच्या टोकाशी असलेल्या दोन बारीक धातूच्या काड्या पाहा. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे पुट त्यांवर चढले, तर वीजप्रवाहाला अडथळा होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. उलट आधीच्या खाऱ्या पाण्याचा थेंब तिथे उरला असेल, तर आरओच्या गोड्या पाण्याचाही आकडा फुगतो.

म्हणून प्रत्येक वापरानंतर टोक स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने धुवावे, झटकावे, कोरडे होऊ द्यावे आणि मगच टोपण लावावे. मोजताना मीटर खुणेपर्यंतच बुडवावे, हलकेच हलवून बुडबुडे काढावेत आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. उकळते पाणी मोजू नये, ते निववून घ्यावे. पांढरा थर दिसला तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टोक त्यात पाच-दहा मिनिटे ठेवावे व पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने धुवावे. पिन किंवा चाकूने खरवडू नये.

महिन्यातून एकदा मीटरचीच परीक्षा घ्यावी. त्यासाठी 342 किंवा 1000 पीपीएमचे प्रमाणित द्रावण मिळते. ते छोट्या वाटीत ओतून मोजावे. वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये, कारण त्याने उरलेलेही बिघडते. आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर माहितीपत्रकाप्रमाणे मीटर जुळवून घ्यावे. जुळत नसेल तर ते बदलावे. घरात पीएच मीटर असेल तर त्याची रीत उलटी आहे. त्याचे काचेचे टोक कोरडे पडू देऊ नये, त्यासाठीच्या साठवण द्रावणात ओले ठेवावे.

या मीटरमध्ये बहुधा बटणासारखे छोटे सेल असतात. आकडा फिका दिसू लागला किंवा मीटर मध्येच बंद पडू लागले, की ते बदलावेत. जुने सेल मात्र टेबलावर राहू देऊ नयेत. नातवंडाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीडीएसचा आकडा उत्तम असूनही पाणी रोगट असू शकते. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांचे जंतू या मीटरला दिसत नाहीत. क्षारांत नायट्रेट किती आणि फ्लोराइड किती, हेही ते सांगत नाही. नायट्रेटची मर्यादा लीटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्याहून अधिक नायट्रेट बाटलीवरच्या तान्ह्या बाळाला विशेष घातक ठरते. वयोवृद्धांना धोका अतिसाराचा. उतारवयात तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर एका दिवसाच्या जुलाबांनीही मूत्रपिंडांवर ताण येतो.

जंतूंपासूनचे संरक्षण कळते ते पाण्यात उरलेल्या क्लोरीनवरून. गावात जलसुरक्षक जी ओ.टी. चाचणी करतात, ती हीच. नळाच्या शेवटच्या टोकालाही लीटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे. काचेच्या नळीतील पाण्यात थेंब टाकले, की पिवळा रंग येतो आणि तो तक्त्याशी ताडून पाहतात. या क्लोरोस्कोपचीही निगा आहे. नळ्या दरवेळी धुवाव्यात, पिवळे डाग राहू देऊ नयेत. औषधाची बाटली अंधाऱ्या, थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि तिच्यावरील मुदत पाहावी. थेंब टाकल्यावर रंग लगेच पाहावा. उशीर झाला तर मुक्त नसलेले क्लोरीनही त्यात मिसळून दिसते. हे औषध विषारी आहे. तपासलेले पाणी कदापि पिऊ नये, ओतून द्यावे आणि हात धुवावेत.

रंग पाहताना दिवसाचा उजेड व मागे पांढरा कागद असावा. एक सूचना खास ज्येष्ठांसाठी. मोतीबिंदूमुळे नजरेला पिवळट झाक येते आणि फिकट पिवळा रंग नीट ओळखू येत नाही. चाचणी आपण करावी, पण रंग सुनेला किंवा नातवाला पाहायला सांगावा. यात कमीपणा नाही.

काळजीवाहकांनी रक्तदाबाच्या वहीतच एक पान पाण्यासाठी राखावे. त्यात तारीख, पाण्याचा स्रोत, टीडीएस, क्लोरीन आणि मीटर धुतल्याची खूण असावी. आरओ असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या, दोन्ही पाण्यांचे आकडे लिहावेत. त्यांतले अंतर महिन्यागणिक घटू लागले, तर पडदा थकला असे समजावे.

घरातील उपकरण प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. स्वतःची विहीर वा कूपनलिका असेल, तर वर्षातून एकदा रासायनिक आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा जंतूंसाठी तपासणी करून घ्यावी. त्यासाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. नमुना कुठे द्यायचा, याची माहिती ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मीटरचा आकडा कितीही चांगला असला, तरी क्लोरीन आढळले नाही किंवा घरात दोघांना एकदम जुलाब झाले, तर पाणी खळखळून उकळूनच प्यावे आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवावे.