पाऱ्याच्या ठिणगीशी पंचवीस वर्षं

1933 सालापर्यंत स्वीडनमधल्या एका वीज कंपनीचं बोधचिन्ह स्वस्तिक होतं. त्या वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि कंपनीने ते उतरवलं. कंपनीचं पूर्ण नाव आल्मेन्ना स्वेन्स्का इलेक्ट्रिस्का आक्तीबोलागेत. एवढं लांबलचक नाव घेण्यापेक्षा सगळे तिला 'आसेआ' म्हणत. या नावाची कंपनी आज उरलेली नाही. पण चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज साडेसातशे किलोमीटर तोडून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला ज्या तंत्राने येते, ते तंत्र या कंपनीने पंचवीस वर्षं खपून उभं केलं आहे.

सुरुवात 1883ची. लुडविग फ्रेडहोल्म या उद्योजकाने स्टॉकहोममध्ये एक छोटी कंपनी काढली. तिचं भांडवल म्हणजे योनास वेनस्ट्रम या तरुण इंजिनिअरचा डायनॅमो. बुटक्या, गोलसर बांध्यामुळे या यंत्राला 'कासव' असं टोपणनाव पडलं होतं. 1890मध्ये ही कंपनी आणि वेनस्ट्रमच्या भावाची कंपनी एक झाली आणि वेस्टेरोस गावात आसेआ उभी राहिली.

त्याच सुमारास वेनस्ट्रमने थ्री-फेज पद्धत बसवली. एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात घोळणाऱ्या शोधांपैकी हा एक. जर्मनीत डोलिवो-डोब्रोवोल्स्की आणि अमेरिकेत टेस्ला याच वाटेवर होते, त्यामुळे श्रेय एकट्या वेनस्ट्रमला देता येत नाही. मात्र 1893मध्ये हेल्शन इथल्या धबधब्यावरची वीज दहा-बारा किलोमीटरवरच्या ग्रेंगेसबर्गच्या लोखंडाच्या खाणींना पोचवली ती त्याच्या पद्धतीने, आणि स्वीडनमधली ही पहिली थ्री-फेज लाइन. आपल्याकडे शेतावरचा पंप रात्री कधी सुरू करायचा हे ज्या थ्री-फेजच्या वेळापत्रकावर ठरतं, त्या पद्धतीच्या बालपणातली ही गोष्ट. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वेनस्ट्रम वारला. वय अवघं अडतीस. फ्रेडहोल्म त्याच्याआधी दोन वर्षं गेला होता. दोन्ही कर्ते पुरुष गेल्यावर ही कंपनी टिकली, वाढली, यात 1903मध्ये सूत्रं हाती घेणाऱ्या सिगफ्रिड एडस्ट्रम यांचा वाटा मोठा. हेच एडस्ट्रम पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले.

मोटारी, ट्रान्सफॉर्मर, रेल्वेची इंजिनं असा पसारा वाढत गेला. तो कुठल्याही मोठ्या वीज कंपनीचा वाढतो तसाच. आसेआचं वेगळेपण दिसतं ते लुडविका या गावात, एका अत्यंत चिवट बिघाडाच्या पाठलागात.

आधी अडचण काय होती ते पाहू. एसी, म्हणजे सतत दिशा बदलत वाहणारी वीज, ट्रान्सफॉर्मरने हवी तशी चढवता-उतरवता येते, म्हणून जगाने ती स्वीकारली. पण समुद्राखालून किंवा जमिनीखालून केबल टाकली की एसीचं गणित बिघडतं. केबलमधली तार आणि बाहेरचं धातूचं आवरण यांच्यामध्ये इन्शुलेशन असतं. म्हणजे अख्खी केबल हा एक लांबलचक कपॅसिटरच. सेकंदाला पन्नास फेऱ्या होणाऱ्या एसीत तो सतत भरत आणि रिकामा होत राहतो. ठरावीक अंतरानंतर केबलची सगळी ताकद या भरण्या-रिकामं करण्यातच खर्च होते आणि पलीकडच्या टोकाला कामाची वीज पोचतच नाही. डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, हा त्रास नाही. ती एकदा केबल भरते आणि मग सरळ वाहत राहते. शिवाय लांबच्या ओव्हरहेड लाइनला तीनऐवजी दोन वाहक पुरतात, टॉवरही आटोपशीर होतात.

प्रश्न एवढाच, की एसीची डीसी आणि परत डीसीची एसी करायची कशी? तीही लाख-लाख व्होल्टच्या दाबाला.

त्या काळात हे काम पाऱ्याचा व्हॉल्व्ह करत असे. हवा काढून टाकलेल्या बंद टाकीच्या तळाशी पाऱ्याचं तळं, वर ग्रॅफाइटचा ॲनोड. पाऱ्यावर ठिणगी पेटली की इलेक्ट्रॉन तळ्यातून वर झेपावतात आणि प्रवाह एकाच दिशेने जातो. उलट्या दिशेने दाब आला की व्हॉल्व्ह बंद. ट्राम आणि कारखान्यांच्या दाबाला हे छान चालत होतं. दाब वाढवत नेला की मात्र मध्येच केव्हातरी ॲनोडवरच ठिणगी पेटे आणि प्रवाह उलटा धावे. इंजिनिअर याला 'आर्क-बॅक' म्हणत. ते कधी होईल याचा नेम नसे, आणि झालं की सगळं शॉर्ट सर्किट.

1929मध्ये उनो लाम या पंचविशीतल्या इंजिनिअरकडे हे काम आलं. त्याने त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. ॲनोड आणि पारा यांच्या मधल्या पोर्सेलिनच्या नळीत एकाखाली एक धातूची वळी बसवायची आणि बाहेरून रेझिस्टर जोडून प्रत्येक वळ्याला दाबाचा नेमका वाटा वाटून द्यायचा. खोल विहिरीत एकदम उडी टाकण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरावं, तसा दाब टप्प्याटप्प्याने उतरतो. कुठल्याही एका फटीवर सगळा भार येत नाही.

कागदावर सोपं. पण आर्क-बॅक का होतं याचं पुरेसं शास्त्र तेव्हा कोणालाच गवसलेलं नव्हतं, म्हणून गणित करून डिझाइन काढणं शक्य नव्हतं. व्हॉल्व्ह बनवायचा, चालवायचा, बिघडला की उघडून पाहायचा, वळ्यांचा आकार बदलायचा, पुन्हा निर्वात करायचा. त्यातही एक कोंडी होती. व्हॉल्व्हचा खरा कस खऱ्या भारावर लागतो, आणि लुडविकाच्या कारखान्यात एवढी वीज नव्हती. 1940च्या दशकाच्या मध्याला सरकारी वीज मंडळ वात्तेनफाल मदतीला आलं. ट्रोलहेट्टनच्या जलविद्युत केंद्राजवळ चाचणी केंद्र उभं राहिलं आणि तिथून मेलेरुडपर्यंत पन्नास किलोमीटरची प्रायोगिक लाइनही चालवली गेली. माझ्या मते आसेआच्या यशाचं मर्म इथे आहे. ज्याला पुढे यंत्र विकत घ्यायचं, तोच गिऱ्हाईक संशोधनात भागीदार झाला, आणि आपल्या जाळ्यावर धोका पत्करून चाचण्या करू दिल्या. आपल्याकडची प्रयोगशाळा आणि आपल्याकडचं वीज मंडळ यांच्यात अशी सोबत अजून विरळाच दिसते.

लाम एकटाच या शर्यतीत नव्हता. जर्मनीत सीमेन्स आणि एईजी यांनी युद्धकाळात एल्बे नदीपासून बर्लिनपर्यंत डीसी केबल टाकली होती. ती व्यापारी वापरात येण्याआधीच युद्ध संपलं. सोव्हिएत सैन्याने सामग्री उचलून नेली आणि पुढे मॉस्को-काशिरा या लाइनवर ती वापरली गेली.

स्वीडनला निमित्त मिळालं ते गॉटलंड बेटाचं. बाल्टिक समुद्रातल्या या बेटावर मोठ्या नद्या नाहीत, जलविद्युत नाही. वीज कोळशावर, म्हणून महाग. मुख्य भूमीवर मात्र पाण्याची वीज मुबलक. मध्ये शंभरेक किलोमीटर समुद्र. 1950मध्ये आसेआला ऑर्डर मिळाली. पेटंटच्या अर्जापासून पहिल्या ऑर्डरपर्यंत एकवीस वर्षं गेली होती. 1954मध्ये लाइन सुरू झाली: 100 किलोव्होल्ट, 20 मेगावॅट, एकच केबल. परतीचा प्रवाह चक्क समुद्राच्या पाण्यातून. व्यापारी तत्त्वावर चालणारी जगातली पहिली उच्च दाबाची डीसी लाइन म्हणून तिची नोंद होते. आजच्या हिशेबात वीस मेगावॅट म्हणजे फार काही नाही. पण लाख व्होल्टला पाऱ्याचा व्हॉल्व्ह रोजच्या कामाला जुंपता येतो, हे तिने दाखवून दिलं.

1961मध्ये इंग्लंड-फ्रान्स यांच्यामधली खाडी पार झाली. तिथे डीसी निवडण्याचं आणखी एक कारण होतं: दोन्ही देशांची जाळी एका ठेक्यात न बांधताही वीज देता-घेता येत होती. मग 1970मध्ये अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकच्या जोडीने, ओरेगनमधल्या सेलिलो इथून लॉस एंजेलिसजवळच्या सिलमारपर्यंत 1,362 किलोमीटरची लाइन आणि 1,440 मेगावॅट. या कामासाठी लाम कॅलिफोर्नियात जाऊन राहिला. फेब्रुवारी 1971च्या भूकंपाने सिलमारच्या केंद्राची मोठी मोडतोड केली, तरी लाइन पुन्हा उभी राहिली.

तोवर पाऱ्याची सद्दी संपत आली होती. हेच काम करणारे सिलिकॉनचे थायरिस्टर आले होते, आणि ते आधी बसले तेही गॉटलंडमध्येच. 1967मध्ये तिथे पाऱ्याच्या एका व्हॉल्व्हच्या जागी थायरिस्टरचा व्हॉल्व्ह लावून पाहिला आणि 1970मध्ये त्यांचा पूर्ण गट जोडून लाइन 150 किलोव्होल्टवर नेली. ज्या वस्तूसाठी लुडविकाने उमेदीची वर्षं घातली, तिची जागा घेणारी वस्तूही आसेआने स्वतःच, आपल्याच लाइनवर आणून बसवली. या धैर्याचं मला लामच्या पेटंटइतकंच कौतुक वाटतं.

प्रत्येक वेळी कंपनीला असं सुचलं असं नाही. फेब्रुवारी 1953मध्ये आसेआच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाच्या यंत्रातून कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण निघाले. कंपनीने गुप्तता पाळली. 1955मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आपला हिरा जगाला जाहीर केला आणि मान तिकडे गेला.

1988मध्ये आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी एक होऊन एबीबी झाली. भारतात या घराण्याचं काम त्याच सुमारास दिसू लागलं. विंध्याचलला, मग रिहंद ते दादरी या लाइनवर, आणि 1999मध्ये चंद्रपूर-पडघे. महाराष्ट्राची अडचण जुनी आहे: कोळसा पूर्वेला, मागणी पश्चिमेला मुंबई-पुण्याकडे. एबीबी आणि भेल यांनी राज्य वीज मंडळासाठी उभारलेली ही लाइन अधिक-उणे 500 किलोव्होल्टवर 1,500 मेगावॅट आणते. टॉवर लगेच ओळखू येतो. दोन्ही बाजूंना तारांचा एकेक जुडगा, तिसरा फेज नाहीच. टोकाच्या केंद्रात पाऱ्याची टाकी कुठे नाही. थायरिस्टरच्या चवडी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांची उष्णता पाणी वाहून नेतं.

थायरिस्टरच्या पद्धतीला एक मर्यादा राहते. दोन्ही टोकांना आधीपासून जिवंत असलेलं एसी जाळं लागतं. ती ओलांडण्यासाठी ट्रान्झिस्टरवर चालणारी नवी पद्धत 1997मध्ये तपासली गेली, 3 मेगावॅटच्या छोट्या लाइनवर. जागा होती हेल्शन ते ग्रेंगेसबर्ग, वेनस्ट्रमची 1893ची लाइन जिथून गेली होती तीच.

2020मध्ये एबीबीचा पॉवर ग्रिड विभाग जपानच्या हिताचीकडे गेला आणि आता तो हिताची एनर्जी म्हणून ओळखला जातो. लुडविकातलं काम त्याच्याबरोबर चालूच आहे. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा किती तोकड्या आहेत ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर मार्गी लागलेल्या कुडूस ते आरे या 1,000 मेगावॅटच्या दुव्याचं तंत्र हिताची एनर्जीकडून आलं. अंतर ऐंशी किलोमीटर, त्यातले सुमारे पन्नास जमिनीखालून. दाट वस्तीत टॉवरला जागा नाही, आणि एवढ्या लांबीची भूमिगत केबल एसीवर चालवायला गेलं तर पुन्हा तोच कपॅसिटर आडवा येतो. शिवाय हेल्शनला तपासलेली ही पद्धत पूर्ण अंधारात गेलेल्या जाळ्यालाही शून्यातून दाब देऊन पुन्हा चालू करू शकते.