जुन्या रस्त्याचा वाली कोण?

नवा रस्ता झाला की त्याचे उद्घाटन थाटामाटाने होते. जुन्या रस्त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. काणकोण तालुक्यात चाररस्ता ते माशे हा सुमारे ७.७ किलोमीटर लांबीचा बगलमार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव त्यास देण्यात आले. तळपण व गालजीबाग या नद्यांवर नवे पूल उभे राहिले, मडगावहून कारवारकडे जाणाऱ्यांचा वेळ आणि इंधन वाचले. करमल घाट उतरून आलेल्या अवजड मालमोटारी पूर्वी पर्तगाळ, पैंगीण या गावांच्या उंबरठ्यावरून धडधडत जात, तोही त्रास पुष्कळ कमी झाला. हा लाभ खरा आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केलाच पाहिजे. परंतु ज्या रस्त्याने इतकी वर्षे या तालुक्याचा भार वाहिला, त्या जुन्या रस्त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही. गोमंतकात आज ठिकठिकाणी बगलमार्ग होत आहेत, आणखीही होतील. म्हणूनच हा प्रश्न एका तालुक्यापुरता राहिलेला नाही.

आपले जुने रस्ते वळणावळणाचे का, याचा विचार नव्या पिढीने अवश्य करावा. ती वळणे आळसाने पडलेली नाहीत. खाजनाचा बांध मोडू नये, मळ्यात पाणी तुंबू नये, कुळागराला वळसा पडावा, देवळाच्या तळीला धक्का लागू नये आणि व्हाळ जेथे अरुंद तेथेच साकव घालावा, या व्यवहारज्ञानातून ती निर्माण झाली. गावकरी संस्थेच्या काळात बांध, तळी आणि वाटा यांची निगा हे सामायिक कर्तव्य मानले जाई. पायवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेची सडक झाली आणि त्याच सडकेवर पुढे डांबर पडले. रस्ता माणसांच्या दाराशी जात असे, म्हणून तो लांब पडे.

या वाटांना इतिहासही आहे. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर ज्या तीन ठिकाणांहून सत्याग्रही आत शिरले, त्यांत उत्तरेला तेरेखोल होते, तसेच दक्षिणेला पोळे होते. पोर्तुगीजांच्या बंदुकांसमोर निःशस्त्र चालत गेलेल्या त्या माणसांनी सीमा ओलांडली ती याच काणकोण महालात. ज्या प्रदेशाच्या वाटांना असा वारसा आहे, तेथे जुना रस्ता म्हणजे टाकाऊ डांबर असे समजणे हा कृतघ्नपणा ठरेल.

सरकारी व्यवहार कसा चालतो ते पाहावे. बगलमार्ग झाला की राष्ट्रीय महामार्गाचा मान सामान्यतः त्याच्याकडे जातो आणि जुना तुकडा यथावकाश राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपविला जातो. सोपविताना तो एकवार दुरुस्त करून द्यावा, अशी केंद्राची पद्धत आहे. पण एकवारच. त्यानंतर पावसाळ्यामागून पावसाळे येतात, मोऱ्या तुंबतात, कडेची गटारे बुजतात, आणि हस्तांतर पुरे झाले की नाही या वादात केंद्र राज्याकडे व राज्य केंद्राकडे बोट दाखवू शकते. पंचायतीकडे जावे, तर तिच्या तिजोरीत एवढा रुंद रस्ता सांभाळण्याइतके द्रव्य कोठून येणार? दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी त्या रस्त्याची गत होते.

रस्त्याचा दर्जा ही निव्वळ कागदावरची बाब नव्हे, हे गोवेकरांना वेगळे सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांच्या कडेच्या मद्यविक्रीवर बंदी घातली. त्यासाठी ५०० मीटरांचे अंतर ठरविले गेले आणि वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या भागांसाठी ते पुढे २२० मीटर करण्यात आले. १ एप्रिल २०१७ पासून ती बंदी अमलात येताच महामार्ग कोणता, जिल्हामार्ग कोणता, याची चौकशी गावोगाव सुरू झाली. मद्याच्या दुकानांसाठी जी तत्परता दिसली, तिच्या निम्मी तरी शाळेकडे जाणाऱ्या मुलांच्या वाटेसाठी दिसावी, अशी अपेक्षा करणे गैर आहे काय?

वाहतूक हटली की रस्त्याकाठच्या चहाच्या हॉटेलवाल्याची, चाकांना ठिगळ लावणाऱ्याची आणि शहाळी घेऊन बसणाऱ्या बाईची मिळकत आटते. महामार्ग गावातून गेला तेव्हा त्याचा धूर आणि अपघात याच लोकांनी सोसले. तो गावाबाहेर गेला तेव्हा त्याचा तोटाही यांनीच सोसावा, हा न्याय नव्हे. जमीन गेलेल्यास भरपाईची तरतूद आहे, गिऱ्हाईक गेलेल्याचा विचार कोणत्याही कायद्यात नाही. उलट बाजूही पाहिली पाहिजे. पैंगीण येथे परशुरामाचे देऊळ आहे आणि तेथील वेताळाच्या देवस्थानाची गड्यांची जत्रा सर्वश्रुत आहे. पर्तगाळला कुशावतीच्या काठी मठ आहे. ज्या रस्त्यावर पूर्वी मालमोटारींमुळे जीव मुठीत धरून चालावे लागे, तो आता पुन्हा पायी चालणाऱ्यांचा, सायकलीवरून शाळेस जाणाऱ्यांचा आणि पालखी घेऊन निघणाऱ्यांचा होऊ शकतो. तो तसा होऊ द्यावयाचा की खड्डे आणि बेवारस मोटारी यांच्या स्वाधीन करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

जुनी वाट राखणे हा भावनेचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. त्याने १९८६ साल आठवावे. त्या वर्षी ५ जुलै रोजी मांडवीवरील पूल कोसळला. तो अवघ्या सोळा वर्षांचा होता. राजधानी आणि बार्देश यांमधील तो दुवा तुटला, तेव्हा पुलामुळे मागे पडलेली पणजी-बेती फेरी पुन्हा हजारो लोकांच्या उपयोगी पडली. जुनी वाट जिवंत होती म्हणून राज्याचा व्यवहार चालू राहिला. याच्या उलट प्रकार २०२४ च्या ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर घडला. कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल पडला आणि एक मालमोटार चालकासह पाण्यात गेली. सुदैवाने चालक वाचला. शेजारी नवा पूल उभा होता, म्हणून गोवा-कारवार मार्ग कायमचा तुटला नाही. तत्पूर्वी २०१६ च्या २ ऑगस्टला महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिश काळातील पूल वाहून गेला, तेव्हा मात्र दैवाने साथ दिली नाही; अनेक प्रवासी प्राणास मुकले. तेथेही नवा पूल शेजारी होता आणि जुन्यावरून एका दिशेची वाहतूक चालूच होती. या तिन्ही घटनांचा बोध एकच आहे: दोन वाटा असणे हे भाग्य आहे, पण दोहोंची निगा राखली तरच. निगा न राखलेली जुनी वाट हा सापळा होय.

आता नव्या रस्त्याविषयी. सरळ रेषा नकाशावर शोभून दिसते. जमिनीवर ती मळे, नद्या आणि वाडे यांना छेदत जाते. शेतातून मातीचा उंच भराव घातला की तो पाण्याला बांध होतो. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात ढगफुटीसारखा पाऊस कोसळून जो हाहाकार झाला, तो या तालुक्याने विसरता कामा नये. पाण्याच्याही वाटा असतात आणि त्यांना बगलमार्ग देता येत नाही. मडगावच्या पश्चिमेकडील बगलमार्ग सखल शेतांतून खांबांवर न्यावा, ही मागणी लोकांनी लावून धरली होती ती याच भयाने. गालजीबागच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. महामार्ग जवळ आला की त्यामागून दिवे, गाडे आणि भूखंडांचे दलाल येण्यास वेळ लागत नाही. बगलमार्गाच्या कडेला दुकाने आणि वसाहती उभ्या राहू दिल्या, तर काही वर्षांत तोच बाजाररस्ता होईल आणि मग त्यालाही बगल देणारा तिसरा रस्ता आखावा लागेल.

आम्ही बगलमार्गांच्या विरोधात नाही. भोम येथील ग्रामस्थांनी महामार्गाचे रुंदीकरण गावातून नको, बगलमार्ग द्या, असा आग्रह धरला. घरे आणि देवळे वाचावीत, ही त्यामागील भावना रास्त आहे. मात्र बगलमार्ग मागताना आणि देताना दोन रस्त्यांचा विचार एकत्र व्हावयास हवा. नव्या रस्त्याच्या आराखड्यातच जुन्या रस्त्याचे एक पान असले पाहिजे. त्याचा ताबा कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून, हे त्यात लिहावे. देखभालीसाठी दरवर्षीची तरतूद असावी. जुने साकव, मोऱ्या आणि पूल यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा. रस्त्याकाठची वडा-आंब्याची झाडे तोडण्यास मनाई असावी. प्रवासी बस गावातूनच जावी, आणि बगलमार्गाच्या दोन्ही तोंडांशी गावाचे नाव ठळक अक्षरांत असावे, म्हणजे वाटसरूला आत वळण्याचे निमित्त राहील. नव्या रस्त्याच्या कडेची शेतजमीन बिगरशेती करण्याचे दरवाजे घट्ट बंद ठेवावेत.

यांपैकी एकाही गोष्टीस नव्या पुलाइतका खर्च येत नाही. लागते ती फक्त इच्छा, आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारण्याची हिंमत. दुसरी गोष्ट आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने आपल्या जुन्या रस्त्याचा ताबा सध्या कोणाकडे आहे, हे लेखी विचारावे. उत्तर आले तर त्या खात्याकडून काम करून घ्यावे. उत्तर आले नाही, तर तो रस्ता पोरका झाला असे समजून गावानेच त्याच्या पाठीशी उभे राहावे.