डेअरीचा कॉम्प्युटर बदलण्याआधी: व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ११ टाकून बघा

आमच्या काष्टीत माझ्या चुलत्यांचं दूध संकलन केंद्र आहे. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. सकाळ-संध्याकाळ सव्वाशेच्या आसपास खातेदार दूध घालतात. वजन, फॅट, डिग्री सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चढतं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. त्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. पैसे भरून किंवा ठराविक अटी पाळून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण ती तात्पुरती सोय.

तात्या म्हणाले, "अरे, नवीनच घेऊन टाकू ना कॉम्प्युटर. त्यात अकरा येतंच." मी म्हटलं, "तात्या, आठ दिवस थांबा. आधी मला बघू द्या तुमचं सॉफ्टवेअर त्यात चालतंय का."

घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आपण आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतो. सत्तर उगवले तर पेरायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरसाठीचं तेच गोणपाट. तुमच्या चालू लॅपटॉपच्या आत, एका खिडकीत, दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा राहतो. त्याला स्वतःची रॅम, स्वतःची हार्ड डिस्क असते, म्हणजे तुमच्यातलीच वाटून दिलेली. त्यात विंडोज बिघडलं, व्हायरस आला, काहीही झालं तरी ती खिडकी पुसून टाकायची. बाहेरचा लॅपटॉप जसाच्या तसा.

मोबाईलवर होईल का, हा प्रश्न येणारच. विंडोज ११ साठी नाही, लॅपटॉप लागेल. पण कल्पना मोबाईलमध्येही पोचली आहे. मार्च २०२५ पासून गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये लिनक्स टर्मिनल नावाचं ॲप मिळतं, ते आतून व्हर्च्युअल मशीनच आहे.

माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. एवढ्यात काम होतं, पण ८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर नाद सोडा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, म्हणजे अर्धी रॅम त्यालाच द्यावी लागते. खोट्या डिस्कची फाईल गरजेप्रमाणे फुगत जाते, त्यामुळे ६४ जीबी एकदम अडकत नाही. माझ्याकडे सुरुवातीला पंचवीस जीबीच्या आसपास गेली. तरी पन्नास जीबी मोकळी ठेवा.

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. तिथे व्हर्च्युअलायझेशनसमोर एनेबल्ड लिहिलेलं पाहिजे. नसेल तर लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलमध्ये ते व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाने दिसतं, एएमडीमध्ये एसव्हीएम मोड.

मग दोन गोष्टी डाऊनलोड करायच्या. एक ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स, ते फुकट आहे. दुसरी विंडोज ११ ची आयएसओ फाईल, मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून, एक्स-६४ वाली. टेलिग्रामवर कोणी 'लाईट' विंडोज देत असेल तर घेऊ नका, आत काय घातलंय कोणाला माहीत.

इथे माझे दोन दिवस गेले. आयएसओ पाच जीबीच्या वर आणि माझा पॅक रोजचा दोन जीबीचा. थांबवून थांबवून करू म्हटलं, तर मायक्रोसॉफ्टची लिंक फक्त २४ तास चालते. शनिवारी आमच्याकडे जनावरांचा बाजार भरतो, त्या दिवशी नेटवर्कचं तर विचारूच नका. शेवटी दौंडच्या मित्राकडे वायफायवर फाईल उतरवली. पेनड्राईव्हवर टाकायला गेलो तर 'फाईल टू लार्ज'. पेनड्राईव्ह ३२ जीबीचा, रिकामा! कारण असं की तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट केला की बसते. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये न्यू दाबा, नाव द्या, आयएसओ निवडा. तिथे अनअटेंडेड इन्स्टॉलेशनचा पर्याय दिसेल, तो नको. आवृत्तीप्रमाणे शब्द बदलतात, पण आपल्याला आपोआप इन्स्टॉल नकोय, एवढं बघा. मी तो तसाच ठेवला होता आणि लायसन्स टर्म्स सापडत नाहीत म्हणून इन्स्टॉलेशन अडकलं. रॅम ४०९६ एमबी, प्रोसेसर २, डिस्क ६४ जीबी. टाईप विंडोज ११ निवडला की ईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० आपोआप लागतात. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप. विंडोज ११ तिच्याशिवाय अडून बसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून ही चिपसुद्धा खोटी बनवून मिळते. 'धिस पीसी कान्ट रन विंडोज ११' असं आलं तर सेटिंगच्या सिस्टिममध्ये आधी हेच तपासा.

स्टार्ट केल्यावर 'प्रेस एनी की' असं येतं. लगेच खिडकीत क्लिक करून एक बटण दाबा, नाहीतर भलत्याच काळ्या स्क्रीनवर जाल. माऊस आत अडकला तर उजवीकडचा कंट्रोल दाबायचा. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडून पुढे जाता येतं. वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही आणि कोपऱ्यात सूचना दिसत राहते. चाचणीपुरतं भागतं, पण कायम वापरायचं तर त्या खोट्या कॉम्प्युटरलाही स्वतःचं लायसन्स लागतं.

खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. याचा अर्थ प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजने स्वतःच धरून ठेवली आहे, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स हळू चालतंय. बहुतेक वेळा यामागे हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी असते. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे, म्हणून मी ती बंद केली नाही. दोन तास लागले, लागू दे.

विंडोज उघडलं की मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्स टाका, स्क्रीन नीट बसते. आणि मग लगेच स्नॅपशॉट घ्या. ही व्हर्च्युअल मशीनची सगळ्यात भारी सोय. त्या क्षणाची अख्खी अवस्था जपली जाते. पुढे काहीही वाट लावली तरी रिस्टोअर दाबलं की परत तिथेच. खऱ्या कॉम्प्युटरवर असा प्रयोग करायला मी धजलोच नसतो.

आता खरी परीक्षा. तात्यांच्या प्रोग्रॅमचं फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी करून आणलं. कॉपीच, मूळ नाही, कारण शेअर्ड फोल्डर दिलं की आतलं मशीन त्यात लिहूही शकतं. आयकॉनवर डबल क्लिक केलं.

'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी.'

तात्या बाजूलाच बसले होते. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. तो प्रोग्रॅम डॉसच्या जमान्यातला, १६ बिटचा. ३२ बिट विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवणारा एक दुभाषा असतो, एनटीव्हीडीएम नावाचा. तात्यांचं विंडोज १० हे ३२ बिट होतं, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलंच नाही. ६४ बिट विंडोजमध्ये तो दुभाषा नसतो. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघतं. म्हणजे नवा कॉम्प्युटर आणून जुना भंगारात दिला असता, तर पुढच्या पगाराला सव्वाशे घरांचा हिशोब हातानं करायची वेळ आली असती.

स्नॅपशॉटवर परत गेलो आणि डॉसबॉक्स-एक्स नावाचा फुकटचा प्रोग्रॅम टाकला. तो जुना डॉस हुबेहूब उभा करतो. निळी स्क्रीन उघडली, खातेदारांची यादी आली, मागच्या पगाराची बेरीज वहीशी जुळली. तात्या म्हणाले, "बाकी राहू दे, पावती निघती का ते बघ." पावतीचा मजकूर फाईलमध्ये निघाला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर अजून काढून बघितलेला नाही.

दुसराही रस्ता आहे: नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन करून त्यातच ३२ बिट विंडोज १० ठेवायचं, नेटवर्क बंद करून. इंटरनेटच नाही म्हटल्यावर अपडेट बंद झाल्याचा धोका बराच कमी होतो. वजनकाटा सिरियल केबलने येतो आणि नव्या कॉम्प्युटरला तसा पोर्ट नसतो, पण यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावून तो पोर्ट व्हर्च्युअलबॉक्सला देता येतो.

जाता जाता डेटाच्या फायलीही बघितल्या. त्या डीबीएफ निघाल्या, आणि त्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. सगळ्या खात्यांची एक्सेल करून दोन पेनड्राईव्हवर ठेवली. एक तात्यांच्या कपाटात आहे.

कन्व्हर्टर मागवलाय. तो आला की पुढच्या पगारानंतर, दुपारच्या मोकळ्या वेळात, काटा लावून बघणार आहे. तोवर जुनाच कॉम्प्युटर चालू आहे, त्याची इंटरनेटची वायर तेवढी काढून ठेवली आहे.