कोट कुणाचा, खांदे कुणाचे!

तुमचा पहिला सूट आठवतोय? माझा पक्का आठवतो. आठवीत होतो, मामाचं लग्न होतं, आणि कोट मापापेक्षा चांगला दोन साइझ मोठा. का? तर ‘पुढच्या वर्षीही होईल!’ अल्बममधल्या त्या फोटोत मी कमी आणि हँगर जास्त दिसतो. त्या वयात कोट आपण घालत नाही, तो आपल्याला घातला जातो. रंग आईचा, कापड वडिलांचं, टेलर काकांच्या ओळखीचा. खांदे तेवढे आपले!

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते थेट बुडापेस्टमध्ये. काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी पाच महिने तिकडे होतो. टीममधला एक सीनियर हंगेरियन एरवी जाम बोलका. एक दिवस लंचला एकदम गप्प. विचारलं तर म्हणाला, ‘घरात कोटावरून महायुद्ध पेटलंय!’

मामला असा. तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षी, हिवाळ्यात, ‘सलगावातो’ नावाचा मोठा सोहळा असतो. शाळेची वर्षं छापलेली छोटी रिबीन प्रत्येकाच्या कोटावर टाचतात आणि मग मुलं-मुली वॉल्ट्झ नाचतात. कितीतरी मुलांचा आयुष्यातला पहिला खराखुरा सूट याच दिवसाचा. ह्याच्या पोराला मॉलमधला स्लिम-फिट हवा होता. आजोबांचं म्हणणं, ट्रंकेतला ‘बोचकाई’ घाल. आणि आमचा सीनियर मध्ये सँडविच!

शनिवारी घरी बोलावलं, तेव्हा तो कोट पाहिला. गडद निळं जाड कापड, उभी कॉलर, छातीवर काळ्या गोफाच्या आडव्या रांगा आणि बटणांच्या जागी गोफाच्याच घुंड्या. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अरे, हा तर आमचा बंदगळा!’ आजोबांना भाषांतर करून सांगितलं, तर ते खूश होण्याऐवजी जरा दुखावलेच. त्यांच्या लेखी याच्याइतकं हंगेरियन जगात दुसरं काही नाही.

पण गंमत पाहा, या ‘अस्सल’ कोटाच्या घराण्यात तुर्कांचं रक्त आहे. बुडा शहर १५४१ ते १६८६ तुर्कांच्या ताब्यात होतं. ज्यांच्याशी लढले, त्यांचेच कपडे हंगेरियनांनी उचलले. अंगाला घट्ट बसणारा, बटणांच्या रांगांचा ‘डोलमान्य’ हा शब्दसुद्धा मुळात तुर्की. त्यावर फर लावलेला ‘मेन्टे’. हा बाह्यांत हात घालून वापरण्यापेक्षा एका खांद्यावर टाकून मिरवायचा, रिकाम्या बाह्या लोंबकळत! स्टाइल म्हणजे स्टाइल, बॉस. गोफ आणि घुंड्या वळणाऱ्या कारागिरांचा तिथे वेगळा धंदाच होता. शिंप्याचं काम संपलं की त्यांचं सुरू.

हाच पोशाख घालून हंगेरीचे घोडेस्वार, म्हणजे ‘हुसार’, युरोपभर फेमस झाले. मग सगळ्या सैन्यांना तसे स्वार आणि तसेच गोफ हवेसे झाले. इंग्रजांनी १८०६-०७ च्या सुमारास आपल्या काही रेजिमेंटना हुसार केलं. त्यांच्यानंतर हुसार झालेली आठवी रेजिमेंट १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ झाशीच्या राणीसमोर उभी होती, ज्या लढाईत राणी पडली. नाव हंगेरियन, सैन्य इंग्रजांचं आणि समोर मराठी घरातली राणी. आणि वरातीतल्या बँडवाल्याच्या छातीवरचे ते सोनेरी आडवे गोफ? तेही फौजी बँडमार्फत याच घराण्यातून आलेले. पुढच्या वरातीत नीट बघा!

पण माझा मुद्दा लहान पोरांच्या कोटांचा. १८४८ च्या क्रांतीनंतर ऑस्ट्रियाने हंगेरीला पुरतं चिरडलं. बोलायची सोय नव्हती, तेव्हा १८६० च्या आसपास लोक कपड्यांतून बोलू लागले. गोफाचा ‘अटिल्ला’ कोट, टोपीत पीस, पायात बूट. बापाने घातलं की त्याची छोटी कॉपी पोराच्या अंगावर! स्टुडिओत नेऊन फोटोही काढायचे. १८६७ मध्ये ऑस्ट्रियाशी समेट झाला आणि निषेधाचा तोच पोशाख दरबारी ‘फुल ड्रेस’ बनला.

याचा कळस म्हणजे ३० डिसेंबर १९१६. महायुद्ध चालू असताना बुडामध्ये नव्या राजाचा राज्याभिषेक झाला. आई-वडिलांसोबत चार वर्षांचा युवराज ओटो, पांढऱ्याशुभ्र हंगेरियन पोशाखात, टोपीत पिसांचा तुरा. फोटो बघून कुणीही म्हणेल, ‘सो क्यूट!’ दोन वर्षांत साम्राज्य संपलं आणि कुटुंब परागंदा झालं. ओटो पुढे साधा सूट घालून युरोपियन पार्लमेंटचा मेंबर झाला आणि २०११ मध्ये वारला. त्याचं हृदय मात्र हंगेरीतल्या पान्नोनहाल्मा मठात पुरलंय. चार वर्षांच्या वयात अंगावर चढवलेला देश असा शेवटपर्यंत चिकटतो!

अर्थात, सगळी पोरं काही युवराज नव्हती. फेरेन्त्स मोल्नारची १९०७ ची कादंबरी ‘पाल स्ट्रीटची मुलं’ तिकडे प्रत्येकाने शाळेत वाचलेली असते. त्यातला नेमेचेक हा गरीब शिंप्याचा मुलगा. खेळातल्या सैन्यात बाकी सगळे ऑफिसर, शिपाई हा एकटा. मैदान वाचवायच्या नादात पुन्हा पुन्हा गार पाण्यात भिजतो आणि आजारी पडतो. मुलगा शेवटच्या घटका मोजतोय आणि गिऱ्हाईक कोटाची ट्रायल घ्यायला दारात हजर. बाप ट्रायल घेतो. करणार काय, पैसे लागणारच आहेत. गोफ, पीस, तलवारी सगळं एकीकडे आणि हा एक कोट एकीकडे. ते पान वाचून मी लॅपटॉप बंद करून खिडकीपाशी उभा राहिलो होतो.

मग आलं १९२०. त्रियानोंच्या तहात हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश भूभाग गेला. समुद्रही गेला. राजा नसलेल्या राज्यावर, समुद्र नसलेल्या देशात, होर्ती नावाचा अ‍ॅडमिरल राज्य करू लागला. हा जोक हंगेरियन लोक स्वतःच सांगतात. आणि पोरं? खलाशी ड्रेसमध्ये! ती फॅशन इंग्लंडच्या राजपुत्राच्या १८४६ च्या चित्रापासून युरोपभर पसरलेली.

याच काळात बोचकाईचे दिवस आले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हाब्सबुर्गांविरुद्ध उठाव करणाऱ्या इश्तवान बोचकाईचं नाव. अटिल्लापेक्षा साधा आणि स्वस्त, त्यामुळे नोकरदारांनाही परवडणारा. १९३० च्या दशकात तो शाळकरी मुलांच्या युनिफॉर्ममध्ये शिरला, सोबत बोचकाई टोपी. हरलेल्या देशाने आपलं सगळं दुःख पोरांच्या छातीवर गोफाने शिवून ठेवलं, असं मला तरी वाटतं.

ट्रंकेतला कोट त्या काळातला, आजोबांच्या वडिलांचा. १९४९ मध्ये कम्युनिस्ट राजवट पक्की झाली आणि बोचकाई पेटीत गेला. आजोबा स्वतः शाळेत गेले ते निळा डगला घालून, आणि समारंभाला पांढरा शर्ट, गळ्यात लाल रुमाल. ‘माझ्या वाट्याला हा कोट आलाच नाही,’ एवढंच म्हणाले. १९८९ नंतर बोचकाई लग्नांत, समारंभांत परत आला. स्लोव्हाकिया-रोमानियातल्या हंगेरियनांसाठी तर तो ओळखपत्रच. पण बुडापेस्टमध्ये काही जणांना तो कोट दिसला की आधी राजकारण दिसतं. आमच्या सीनियरची भीती हीच. मुलाच्या वर्गात कोण काय समजेल? आणि मुलगा म्हणत होता, ‘मला फक्त फोटो चांगले यायला हवेत!’

शेवटी ट्रायल झाली. खांदे बरोबर बसले, बाह्या मात्र मनगटाच्या चार बोटं वरच संपल्या. आजोबांनी खेचून पाहिल्या. पुन्हा खेचल्या. मग न बोलता कोट काढून घेतला आणि घडी घालू लागले.

सोहळ्याला पोरगा ग्रे स्लिम-फिटमध्येच आला. रिबीन टाचली, वॉल्ट्झ झाला, एकदा पार्टनरच्या पायावर पाय पडला. बाहेर पार्किंगमध्ये कडाक्याची थंडी. पोराने गाडीच्या मागच्या सीटवरून पिशवी काढली, त्यातून बोचकाई, आणि सुटावरून तो एका खांद्यावर टाकला, रिकाम्या बाह्या लोंबत. बापाला काही माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला. आजोबा पुढे झाले, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, ‘उजव्या नाही, डाव्या खांद्यावर.’